ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपग्रेडसाठी पैसे मोजावेत का?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील वाचनालये, पतसंस्था, शाळा आणि छोटे छापखाने यांच्या बैठकांत तेव्हापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे: नव्या विंडोजसाठी खर्च करायचा की आहे तेच चालू ठेवायचे? अशा संस्थांचे संगणक सांभाळण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे रोज उभा असतो आणि त्याचे एका वाक्यात उत्तर देणे मला कधीच प्रामाणिकपणाचे वाटलेले नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. संगणक सुरक्षित ठेवण्यासाठी पैसे खर्च करणे योग्य आहे. केवळ नवी आवृत्ती आली म्हणून तिच्यासाठी पैसे खर्च करणे बहुतेक घरांच्या आणि लहान संस्थांच्या बाबतीत योग्य नाही. परंतु ज्या सुरक्षेवाचून विकत घेतलेली वस्तू वापरणेच धोक्याचे ठरते, तिच्यासाठी उत्पादकाने वेगळी किंमत मागावी आणि ग्राहकांनी ती विनातक्रार द्यावी, हेही मला मान्य नाही. सुरक्षा आणि नवी आवृत्ती या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच संस्थांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जात आहेत.

अपग्रेडला किंमत असणे ही नवी गोष्ट नाही. ॲपल कंपनी २००७ सालच्या ‘लेपर्ड’पर्यंत मॅकच्या नव्या आवृत्तीसाठी १२९ डॉलर घेत असे. २००९ मध्ये ‘स्नो लेपर्ड’ २९ डॉलरला आली, २०१२ मध्ये ‘माउंटन लायन’ २० डॉलरला आणि २०१३ च्या ऑक्टोबरपासून ‘मॅव्हरिक्स’सह हे अपग्रेड मोफत झाले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ‘विंडोज १०’ आणताना ‘विंडोज ७’ आणि ‘८.१’ वापरणाऱ्यांना वर्षभर ती मोफत दिली आणि २०२१ मधली ‘विंडोज ११’ ही पात्र ठरणाऱ्या संगणकांना मोफतच मिळते. वरवर पाहता सशुल्क अपग्रेडचा काळ संपला असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात किंमत गेली नाही, ती दुसरीकडे सरकली. आता सिस्टिम फुकट असते, पण ती बसवण्यासाठी यंत्र नवे घ्यावे लागते. ॲपलनेही २०२५ ची ‘टाहो’ ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर केले आहे, म्हणजे तिकडेही पुढची मोफत आवृत्ती हवी असेल तर मॅक बदलणे आले.

पैसे देऊन घेतलेल्या अपग्रेडने खरोखर काही दिले का, हे तपासायचे तर मराठी वापरकर्त्यांचा अनुभव फार बोलका आहे. ‘विंडोज ९५’ आणि ‘९८’ च्या काळात युनिकोडमधली, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीतली, देवनागरी धड दिसतच नसे. मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वाचकांना उतरवून घ्यायला लावत आणि एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडे. ‘विंडोज २०००’ मध्ये देवनागरीची सोय आली. ‘एक्सपी’मध्ये ती चालू करण्यासाठी रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालून फाइली चढवाव्या लागत, ‘व्हिस्टा’पासून ती आपोआप मिळू लागली. आपल्या भाषेत ईमेल लिहिता यावी, ग्रंथसूची मराठीत शोधता यावी, एका कार्यालयातले पत्र दुसऱ्या कार्यालयात जसेच्या तसे वाचता यावे, हे सारे त्या अपग्रेडमुळे शक्य झाले. ‘९८’ वरून ‘एक्सपी’वर जाण्यासाठी ज्या वाचनालयांनी त्या काळी पैसे मोजले त्यांनी ते सत्कारणी लावले, असे मी आजही म्हणेन.

मात्र हे भाग्य प्रत्येक आवृत्तीच्या वाट्याला आले नाही. २००७ च्या ‘व्हिस्टा’ने पूर्वीच्या संगणकांना इतके जड केले की अनेकांनी पैसे देऊन घेतलेली सिस्टिम काढून पुन्हा ‘एक्सपी’ चढवली. ‘व्हिस्टा’साठी सक्षम असल्याचे लेबल लावून विकलेल्या यंत्रांवरून अमेरिकेत कंपनीविरुद्ध दावाही चालला. २०१२ च्या ‘विंडोज ८’ मध्ये स्टार्ट बटणच काढून टाकले होते, ते पुढच्या वर्षी ‘८.१’ मध्ये परत आले. २०१० च्या जुलैत आपल्या रुपयाचे नवे चिन्ह ठरले, तेव्हा ते संगणकावर उमटवण्यासाठी ‘विंडोज ७’ वापरणाऱ्या कोणालाही नवी आवृत्ती विकत घ्यावी लागली नाही. ते मोफत अपडेटमधून मिळाले. आपल्या उपयोगाची सुधारणा अपडेटमधून देणेही कंपनीला जमते, एवढे यातून दिसते.

आजच्या ‘विंडोज ११’ बद्दल मी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना नेहमी एकच विचारतो: पावती छापणे, जमाखर्च लिहिणे, पुस्तकांची देवघेव नोंदवणे, सरकारी संकेतस्थळावर माहिती भरणे यांपैकी कोणते काम ‘विंडोज १०’ वर होत नव्हते आणि ‘११’ वर होऊ लागेल? आजवर कोणालाही एकही काम सांगता आलेले नाही. टास्कबारवरची चिन्हे मध्यभागी आली, खिडक्यांचे कोपरे गोल झाले, कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आला. ज्यांना हे आवडते त्यांनी जरूर घ्यावे. परंतु सभासदांच्या वर्गणीतून चालणाऱ्या संस्थेने यासाठी संगणक बदलणे मला पटत नाही. असे असूनही मी कोणालाही ‘आहे तेच निर्धास्तपणे चालू ठेवा’ असे सांगत नाही, याचे कारण सुरक्षा.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. विंडोजच्या फाइल-वाटपाच्या एका जुन्या यंत्रणेत असलेल्या छिद्रातून ते एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होते आणि त्यासाठी कोणी चुकीच्या ठिकाणी क्लिक करण्याचीही गरज नव्हती. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-ट्रस्टना त्याची झळ बसली, हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये ‘एक्सपी’च्या एका वर्षाच्या खास सुरक्षा अपडेटसाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले होते आणि २०१५ मध्ये तो करार पुढे चालवला नव्हता, त्याच सरकारची ही रुग्णालये. एवढ्यावरून कोणी म्हणेल की नवी सिस्टिम वेळेवर न घेतल्याची ही शिक्षा होती. पण तपशील निराळा आहे. त्या छिद्राचे ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, मायक्रोसॉफ्टने हल्ल्याच्या दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिले होते आणि हल्ल्यात सापडलेले बहुसंख्य संगणक ‘एक्सपी’चे नव्हते, ‘विंडोज ७’ चे होते. त्यांना ते ठिगळ मोफत उपलब्ध होते. कोणी ते बसवले नव्हते इतकेच. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, त्याच छिद्राचा उपयोग करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बंद पाडली आणि तिच्या समूहाकडे असलेल्या आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे काम ठप्प झाले. उरणच्या रस्त्यांवर कंटेनरच्या रांगा का लागल्या याचे मूळ युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते.

या दोन्ही घटनांतून मी जो बोध घेतो तो असा की, आवृत्ती नवी असण्यापेक्षा अपडेट चालू असणे आणि ते बसवलेले असणे महत्त्वाचे. ज्या कार्यालयात ‘विंडोज ११’ आहे पण ‘संगणक हळू होतो’ म्हणून कोणीतरी अपडेट बंद करून ठेवले आहे, ते कार्यालय अपडेट चालू असलेल्या ‘विंडोज १०’ च्या कार्यालयाहून अधिक धोक्यात आहे. आणि ज्या ‘विंडोज १०’ ला यापुढे अपडेट येणारच नाही, त्याचा धोका दर महिन्याला वाढत जाणार आहे, कारण दर महिन्याला नवी छिद्रे सापडतात आणि ‘११’ साठी निघालेले ठिगळ पाहून जुन्यात तेच छिद्र कोठे आहे हे शोधणे जाणकाराला अवघड नसते. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जूनमध्ये ‘एक्सपी’वर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम पाठबळ असलेल्या सिस्टिमवर आणण्याचा आदेश बँकांना दिला, तो याच कारणाने. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या आपल्या पतसंस्थांनी तोच दंडक स्वतःला लावून घ्यायला हवा.

आता पैशांचा हिशेब. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही संगणक सुरू होतानाची तपासणी आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे त्या वर्षी किंवा त्याआधी घेतलेले बहुतेक संगणक, ते कितीही चांगले चालत असले तरी, पात्र संगणकांच्या यादीबाहेर राहिले. ही रेषा निव्वळ तांत्रिक असती तर मी ती मान्य केली असती. पण सातव्या पिढीतील मोजक्याच प्रोसेसरना कंपनीने अपवाद म्हणून यादीत घेतले आणि त्यांतला एक कंपनीच्याच ‘सरफेस स्टुडिओ २’ या महागड्या संगणकात होता. स्वतःच्या ग्राहकाला एक नियम आणि आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला दुसरा, हे न्याय्य नाही. विंडोजच्या अंतर्गत नोंदींत (रजिस्ट्रीत) बदल करून अपात्र संगणकावर ‘११’ चढवून देणारे तंत्रज्ञ गावोगावी आहेत. परंतु अशा संगणकांना अपडेट मिळतीलच याची हमी नाही असे कंपनीने आधीच सांगून ठेवले आहे. ज्या सुरक्षेसाठी आपण हे करतो तीच जिथे अनिश्चित, तो मार्ग मी संस्थांना सुचवत नाही.

दुसरा मार्ग आहे ‘विंडोज १०’ च्याच वाढीव सुरक्षा अपडेटचा. घरगुती वापरकर्त्याला एका वर्षासाठी ३० डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या पुढे, आणि एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ते चालते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून संगणकाची सेटिंग त्यांच्या क्लाउडवर जतन करू दिली, तर हेच अपडेट विनाशुल्क मिळतात. घरातल्या संगणकासाठी मी हा विनाशुल्क मार्ग निःशंकपणे सुचवतो. ज्यांना आपली माहिती बाहेर पाठवायची नाही त्यांनी पैसे द्यावेत. नव्या संगणकाच्या किमतीच्या तुलनेत ही रक्कम लहान आहे आणि ती खऱ्या गरजेसाठी जाते. व्यावसायिक संस्थांसाठी मात्र दर निराळा आहे: पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट, तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर. एवढ्या पैशांत साधा नवा संगणक येतो. म्हणून पतसंस्थांना माझा सल्ला असा की पहिल्या वर्षाचे शुल्क जरूर भरावे, त्या वर्षात यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्याची तरतूद करावी आणि दुसऱ्या वर्षाच्या दरात सापडू नये.

शैक्षणिक संस्थांचा दर पाहिला की या किमतींचा खर्चाशी किती थोडा संबंध आहे हे कळते. त्यांच्यासाठी हेच अपडेट पहिल्या वर्षी एका संगणकाला एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार, असे आहे. तीन वर्षांचे सात डॉलर. ठिगळ तेच, छिद्र तेच. शिवाय यंत्रसामग्रीत बसवण्यासाठी विकल्या गेलेल्या ‘विंडोज १०’ च्या एका दीर्घकालीन आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. म्हणजे ठिगळे तयार करण्याचे काम चालूच राहणार आहे. ती घरच्या संगणकाला द्यायची की नाही, एवढाच निर्णय आहे. युरोपात ग्राहक संघटनांच्या दबावानंतर कंपनीने तिथल्या घरगुती वापरकर्त्यांना एका वर्षाचे हे अपडेट क्लाउडवर जतन करण्याची अट न घालता मोफत दिले. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले आहे, मुंबई ग्राहक पंचायतीसारखी जुनी आणि जागरूक संघटना याच राज्यात आहे. ल्युव्हेन किंवा लिस्बनच्या ग्राहकाला जे मिळाले ते लातूरच्या ग्राहकाला का मिळू नये, हा प्रश्न आपल्या ग्राहक संघटनांनी कंपनीला लेखी विचारावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

परवान्याच्या किमतीपेक्षा मोठा खर्च जिथे लपलेला असतो, त्याबद्दल आता लिहितो, कारण आमच्या भागातल्या छापखान्यांना आणि पतसंस्थांना खरा फटका तिथेच बसतो. ‘विंडोज ११’ फक्त ६४-बिट या नव्या स्वरूपात येते. ‘विंडोज १०’ ची ३२-बिट या जुन्या स्वरूपातलीही आवृत्ती होती आणि तिच्यावर विंडोजच्या आधीच्या ‘डॉस’ या सिस्टिमच्या काळातले प्रोग्रॅमही चालवता येत. कितीतरी लहान पतसंस्थांचा आणि दूध संस्थांचा जुना हिशेब डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रो या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आहे. तो लिहून देणारा माणूस आता भेटत नाही, पण प्रोग्रॅम बिनचूक चालतो. ‘११’ वर तो थेट उघडणारच नाही. त्याला आधार देणारी वेगळी सॉफ्टवेअर आहेत, परंतु त्यांतून पासबुक प्रिंटरवर नीट छापणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. मराठी डीटीपीची, म्हणजे संगणकावरील पानजुळणीची, गोष्ट याहून कठीण. त्यासाठीच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ ची. तरीही लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकाची पाने अजून तिच्यावर लावणारे लोक आहेत, कारण त्यांचे जुने मराठी फॉन्ट तिथेच बसतात. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला, प्रत अधिकृत आहे हे ओळखण्यासाठी, संगणकाला जोडायचे प्लॅस्टिकचे ‘लॉक’ लागते. सर्वांत जुनी लॉक प्रिंटरच्या पोर्टला लागत, आणि ते पोर्टच आता नव्या संगणकांना नसते. यूएसबीचे लॉक असले तरी त्याचा ३२-बिट ड्रायव्हर, म्हणजे ते संगणकाशी जुळवणारा छोटा प्रोग्रॅम, ६४-बिट विंडोजवर चालत नाही. नव्या ड्रायव्हरसाठी किंवा नव्या आवृत्तीसाठी विक्रेत्याकडे जावे, तर पुन्हा संपूर्ण किंमत. एका छापखान्याच्या बाबतीत विक्रेत्याने जुन्या लॉकची दखल घेण्यासच नकार दिला आणि फॉन्ट, स्कॅनर आणि प्लेट काढण्याच्या यंत्राचा ड्रायव्हर मिळून झालेला खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या पुढे गेला. विंडोज मात्र ‘मोफत’ होते.

शिवाय वीस वर्षांत साठलेला मजकूर राहतोच. तो युनिकोडमध्ये नाही. रूपांतर करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण रफार सरकतो, जोडाक्षरे तुटतात, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ कुठेतरी हरवतात आणि प्रत्येक पान कोणीतरी डोळ्यांखालून घालावे लागते. ज्या ग्रामीण प्रकाशकाकडे शे-दोनशे पुस्तकांच्या फाइली आहेत, त्याच्यासाठी अपग्रेडचा खरा खर्च मुद्रितशोधकाच्या तासांत मोजावा लागतो. अशा ठिकाणी मी असे सुचवतो की जुना संगणक जुन्या सिस्टिमसह तसाच ठेवावा, त्याचे इंटरनेट पूर्णपणे काढावे, फाइलींची ने-आण तपासलेल्या पेन ड्राइव्हने करावी आणि ईमेल, बँक, जीएसटी यांसाठी एक वेगळा, अपडेट चालू असलेला संगणक वापरावा. संपूर्ण छापखाना बदलण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि कामाची माणसेही बिचकत नाहीत.

यंत्र हळू चालते म्हणून नवी सिस्टिम घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या संगणकाचा वेग बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमुळे अडलेला असतो. तिच्या जागी एसएसडी ही फिरता भाग नसलेली डिस्क बसवली आणि मेमरी ४ जीबीची ८ जीबी केली की तोच संगणक ओळखू येत नाही. या खर्चाइतका मोबदला कोणत्याही अपग्रेडने दिल्याचे मी पाहिलेले नाही. याउलट ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो’ म्हणत काही शे रुपयांत बनावट प्रत चढवून घेणे हा सर्वांत महाग व्यवहार आहे. ती प्रत सक्रिय करण्यासाठी वापरले जाणारे ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या क्षणी आपण तो बंद करतो, त्या क्षणी संस्थेच्या हिशेबाच्या चाव्या आपण एका अनोळखी माणसाला दिलेल्या असतात.

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय मी शेवटी सांगत असलो तरी माझ्या मते शाळा आणि वाचनालये यांच्यासाठी तोच सर्वांत चांगला आहे. लिनक्सवर आधारलेल्या ‘उबुंटू’ या मोफत सिस्टिमच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे मोफत सुरक्षा अपडेट मिळतात, वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत नोंदणी करून ते आणखी पाच वर्षे वाढवता येतात. लिनक्स मिंट ही तशीच दुसरी सिस्टिम ‘विंडोज ११’ ने नाकारलेल्या यंत्रांवर सहज चालते. देवनागरी, इन्स्क्रिप्ट कळपाट, लिबरऑफिसचा मराठी चेहरा, सारे त्यात आहे. केरळने आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम कित्येक वर्षांपासून वापरात आणली आहे आणि त्या राज्याची ‘काइट’ ही संस्था शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण देते. भारत सरकारच्या सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली सिस्टिम तयार केली. त्याच सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात असूनही महाराष्ट्राच्या शाळांना तिची ओळख नसावी, याची मला खंत वाटते. अर्थात हा उपाय सर्वांसाठी नाही. टॅलीवर हिशेब लिहिणारे कर सल्लागार, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर अवलंबून असलेले कंत्राटदार आणि ज्यांचे बँकिंग सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेले आहे त्या पतसंस्था यांना विंडोज सोडता येणार नाही. त्यांना ‘लिनक्स घ्या, फुकट आहे’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे होईल.

जिल्हा परिषदांच्या शाळांबद्दल मला विशेष काळजी वाटते. दानातून, आमदार निधीतून, माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून आलेले त्यांचे संगणक बहुधा यादीबाहेरचे आहेत. कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की ‘विंडोज १०’ चे पाठबळ थांबल्याने जगभरात सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. त्यांतले काही आपल्या शाळांच्या अडगळीच्या खोलीत पडतील आणि मुलांचा संगणकाचा तास कागदावर होईल. तीन वर्षांसाठी सात डॉलरचा शैक्षणिक दर मोठ्या प्रमाणावरील परवान्यांच्या योजनेतून मिळतो; डोंगरातली दोनशिक्षकी शाळा स्वतःच्या नावाने ही खरेदी करू शकणार नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने सर्व शाळांच्या वतीने ती एकत्रित करावी, किंवा केरळप्रमाणे मुक्त प्रणालीवर जाण्याचा निर्णय घेऊन शिक्षकांना सुटीत प्रशिक्षण द्यावे. दोहोंपैकी काहीही न करता प्रत्येक मुख्याध्यापकाला एकट्याने दुकानदाराच्या सल्ल्यावर सोडणे, हे आज चालले आहे ते थांबले पाहिजे. कोणत्या शाळेत कोणत्या पिढीचे किती संगणक आहेत, याची नोंद गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर एका आठवड्यात करता येण्यासारखी आहे. विभागाने निदान तेवढे काम लगेच हाती घ्यावे आणि त्याचे आकडे जाहीर करावेत, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर